साबुकंदाचा पाला

श्रावणातली दशमी. उद्याच्या उपवासासाठी साबुदाणा धुवायला घेतला आणि तळमजल्यावरचे काका आठवले. कुठलंही पान दिसलं की ते दोन बोटांत चुरगळून नाकाशी न्यायचे. "चुरगळल्याशिवाय पान बोलत नाही," म्हणायचे.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल. आमचे काका मुलुंडच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या कुंपणालगत साबुकंद लावला. साबुदाणा होतो तो याच्याच कंदाचा.

एकदा मी भाजीसाठी त्याचा कोवळा पाला खुडून आणला. आम्ही कोकणातले. पाला खाजरा असला तर चिंच घालायची, एवढं शास्त्र मला पुरेसं होतं. सासूबाई पाटावर येऊन बसल्या होत्या. काका पेपर परत द्यायला आले, ओट्यावरचे देठ बघून थेट आत शिरले आणि गॅस बंद केला.

"चिंच घातलीय, काका."

"खाज नाही गं बाय, सायनाइड आहे. पानात दोन खोल्या, मधे भिंत. अख्खं असतं तोवर गरीब. चिरलंस की भिंत पडली, दोन्ही खोल्यांतलं एकत्र आलं की विष."

मला पटेना. त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीत एक पान ठेचून टाकलं, वर कॉलेजातल्या पिवळ्या कागदाची, सायनाइड असलं की लाल होणारी पट्टी लोंबती ठेवली आणि बूच लावलं. सकाळी पट्टी विटेसारखी लाल.

वासावरून कळलं का, विचारलं, तर म्हणाले, "करोनात नाक गेलं माझं. नुसती सवय राहिलीय." झाड उपटतो म्हणाले. मीच नको म्हटलं, कंद सोलून भरपूर पाण्यात उकडले की विष जायचं आणि छान लागायचे. मग पाला खाऊ नका, असं ते दारोदार फिरून सांगत राहिले. उरलेल्या पट्ट्या त्यांनी माझ्या फ्रीजमध्ये ठेवल्या.

फाल्गुनात काका गेले.

साबुदाणा भिजत घालून खाली उतरले, तर दुसऱ्या मजल्यावरची नवी सून पिशवीत तोच पाला भरत होती. विषारी आहे म्हटलं.

"चिंच घालीन ना, काकी."

पिशवी काढून घेतली. तिला पटलं नव्हतं, ते दिसतच होतं. वर येऊन त्यातलं एक पान बाटलीत ठेचून टाकलं, फ्रीजमधली पट्टी लोंबती ठेवली आणि बाटली साबुदाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवली.

सकाळी पट्टी लाल झाली होती. खाली जाऊन बाटली साबुकंदाच्या फांदीला सुतळीने बांधली, बूच घट्ट आहे ना बघितलं, आणि त्या सुनेला हाक मारून खाली बोलावलं.