गुरुजी चहा करायला गेले तेव्हा

ठराव वाचून संपायच्या आत सगळे हात वर गेले. तिथेच मला शंका आली.

घाटंजीतल्या एका विहाराची कमिटी मुलींचं वसतिगृह चालवते. ते भर वस्तीतून गावाबाहेरच्या मोठ्या घरात हलवायचं होतं. झरी जामणीकडच्या पोरी इथे राहून शिकतात. संध्याकाळी क्लासहून त्यांना अंधाऱ्या रस्त्याने पायी जावं लागलं असतं. हे कळल्यावर किती आईबापांनी पोरी ठेवल्या असत्या?

मी फॅसिलिटेटर, म्हणजे मीटिंग नीट चालवून देणारा. मत द्यायचं नसतं, पण संशय घ्यायला कोणी अडवत नाही. इतकं एकमत आमच्या घरी भाजीवरही होत नाही.

मीटिंगनंतर वॉर्डन शोभाताईंनी मला बाजूला घेतलं. जागा त्यांना मुळीच पसंत नव्हती. मग हात कशाला वर केला, मी विचारलं.

"गुरुजींच्या मनात हाये ना. थ्यायच्यासमोर नाही कसं म्हणावं?"

अध्यक्ष म्हणजे रिटायर्ड गुरुजी. कमिटीतले सगळे त्यांच्याच शाळेत शिकलेले. गुरुजींचं त्या मोठ्या घराच्या मालकाशी काही साटंलोटं असणार, असं मी धरूनच चाललो. आडून आडून चौकशी केली. नातं नाही, ओळखही जेमतेम. तरी माझं मन मानेना.

घर पक्कं करण्याआधी पुढच्या मीटिंगला मी तो विषय पुन्हा घ्यायला लावला. गुरुजींना सांगितलं, अध्यक्षाने शेवटी बोलायचं. ते गप्प बसले. बाकीचेही गप्प, सगळ्यांचे डोळे त्यांच्या चेहऱ्यावर. मी वैतागलो. म्हटलं, गुरुजी, आज चहा तुम्ही करा.

ते आत गेले आणि पाच मिनिटांत हॉलमध्ये बाजार भरला. शोभाताईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

"रस्त्यात पोरीले काही झालं तं जबाब कोन देईन? मले नाही जमत."

कोणालाच जमत नव्हतं. गुरुजी ट्रे घेऊन आले तसे सगळे चिडीचूप. शोभाताई उभ्या राहिल्या.

"गुरुजी, आमाले थे घर नाही पायजे."

गुरुजींनी ट्रे खाली ठेवला.

"मले तरी कुठं पायजे होतं? असं घर हाये, एवढंच म्या सांगितलं. तुमचे हात वर गेले, मले वाटलं तुमालेच पायजे."

वसतिगृह जागच्या जागी आहे. चहा मात्र फार गोड होता, आणि तसं गुरुजींना सांगायची हिंमत काही कोणाला झाली नाही. हल्ली कुठल्याही कमिटीकडे गेलो की मी आधी स्वयंपाकघर कुठे आहे ते पाहून ठेवतो.