दुपारचं नेट

मुरबाडजवळच्या आमच्या गावात मी ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवते. रोज दुपारी नेट अडकायचं. सासूबाई म्हणायच्या, "देवीच्या रानातून वायर नेली, तिला नाय आवडलं." मला वाटायचं, वायरच खराब आहे.

मग मी आठवडाभर दर तासाला नेटचा वेग वहीत लिहिला. सकाळी त्याच वायरवरून नेट धावायचं. दुपारी मात्र, मीच पासवर्ड दिलेले शेजारी मोबाइलवर मालिका बघायचे. राउटरमध्ये मी प्रत्येकाला वेगाची मर्यादा घातली. दुसऱ्या दुपारी अकरा मुलींचे कॉलेजचे फॉर्म धडाधड गेले. मुलींनी टाळ्या पिटल्या.

"म्हंजे माझं चुकलं गो?" सासूबाईंनी विचारलं.

"देवीचं मला मोजता येत नाही, आई. वायरबद्दल माझं चुकलं होतं, ते वहीनं दाखवलं." हे सांगताना माझी मान ताठ होती.