दर पंधरा दिवसांनी नाटक

चहा आलाच आहे, तर माझी फजितीही ऐकून घ्या. बायकोनं सांगायच्या आत मीच सांगतो, ती फार तिखटमीठ लावते.

मी नोकरी काय करतो, माहीत आहे तुम्हाला? नाही ना? माझ्या आईलाही नाही. कामाचं नियोजन करायचं एक सॉफ्टवेअर आहे. त्यात तीन पद्धती मिळतात. पहिली सरळ: एक काम संपलं की दुसरं, प्रत्येकाची तारीख ठरलेली. दुसरी फळ्याची: कामाचं कार्ड या रकान्यातून त्या रकान्यात सरकवत न्यायचं. तिसरी फेऱ्यांची: दर पंधरा दिवसांनी जे काही तयार असेल ते ग्राहकाला दाखवायचं, त्याचं मत घ्यायचं आणि पुढच्या फेरीत तसे बदल करायचे. कोणाला कुठली पद्धत मानवेल, हे ग्वाल्हेरच्या ‘शिंदे की छावनी’ मोहल्ल्यातल्या घरी बसून फोनवर सांगायचा मला पगार मिळतो. म्हणजे या विषयातला मी तज्ज्ञ! हसू नका, अजून सुरुवातही झाली नाही.

आमचे शेजारी पवारकाका, रेल्वेतून निवृत्त झालेले. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी आयुष्यातलं पहिलं नाटक लिहिलं. एकुलता एक मुलगा ग्वाल्हेर सोडून पुण्याला जातो, आई दारात उभी राहते, पडदा. एवढंच. पण वाचून दाखवताना काकांचा आवाज दोनदा अडकला. आमच्या मराठी मंडळानं ते बसवायचं ठरवलं. काकांची इच्छा एकच होती: भरलेल्या हॉलमध्ये एकदा आपलं नाटक पाहायचं.

नियोजन कोण करणार? मी! कोणी विचारलंही नव्हतं, तरी हात माझाच वर.

काका म्हणाले, "हे बघ शिरीष, आधी वाचन, मग पाठांतर, मग तालीम, आणि मग सरळ प्रयोग. मधे कुणाला दाखवायचं नाही."

"काका, ही पद्धत आता जुनी झाली! आपण फेऱ्या करू. दर पंधरा दिवसांनी ग्राहकाला दाखवायचं."

"नाटकाचा ग्राहक कोण रे?"

"प्रेक्षक!"

"म्हणजे नाटक व्हायच्या आधीच प्रेक्षक बोलवायचे?"

"तीच तर गंमत आहे!"

काकांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "तुला जास्त कळतं बाबा." आणि मला ते खरंच वाटलं हो!

पहिल्या फेरीला मंडळाच्या खोलीत वीसेक ज्येष्ठ मंडळी आली. प्रवेश झाले, वर गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जलेबी. मग मी लॅपटॉप उघडून सूचना मागितल्या. आता मराठी माणसाला सूचना मागायच्या असतात का कधी?

गोडबोले आजी म्हणाल्या, "सगळं छान आहे, पण मुलगा परत यायला हवा. आईला असं दारात उभं ठेवून घरी जाववत नाही मला."

कार्ड तयार! पुढच्या फेरीत मुलगा परत आला.

दुसऱ्या फेरीला चाळीस माणसं. फौजेतून निवृत्त झालेले मेजर जगताप उठले. "घर मराठ्यांचं आणि एकही जण फौजेत नाही? ये कैसे चलेगा?" पुढच्या फेरीत मुलगा वर्दी घालून परत आला. तिसऱ्या फेरीला सत्तर माणसं, जलेबी कमी पडली. कुणी म्हणालं, एखादं पद हवं. कुणी म्हणालं, आलाच आहे तर त्याचं लग्नही उरकून टाका. चौथ्या फेरीत मुलगा वर्दीत गात गात बोहल्यावर चढला.

आईचं काम करणारी श्रद्धा बँकेत नोकरी करते. तिनं मला कोपऱ्यात गाठलं. "दादा, मतलब शेवटी मी रडते की हसते? पक्का सांग ना यार! हर पंधरा दिन में मेरा मूड नहीं बदलता."

मी तिला पद्धत समजावून सांगितली. ती ज्या नजरेनं बघत होती, तशी नजर मी फक्त बायकोचीच पाहिली आहे.

काका मात्र प्रत्येक फेरीनंतर वहीत खोडत राहायचे. एकदा हळूच म्हणाले, "शिरीष, हे अजून माझं नाटक आहे का रे?"

आणि मी, अहो मी काय म्हणालो असेन? म्हणालो, "काका, आता ते ग्राहकाचं आहे!" आजही आठवलं की कान गरम होतात.

प्रयोगाचा दिवस उजाडला. ऐंशी खुर्च्यांचा हॉल, साडेसहाची वेळ. स्क्रीनवर माझी सगळी कार्डं हिरवीगार, म्हणजे सगळी कामं पूर्ण. हॉलमध्ये माणसं किती? नऊ! त्यातले तिघे मांडववाले.

मी घाबरून गोडबोले आजींना फोन लावला. "आजी, निघालात ना?"

"कुठे?"

"नाटकाला!"

"अरे, चार वेळा पाहिलं की! फार सुरेख झालंय. आज काय नवीन आहे?"

"आज पूर्ण आहे, आजी. बदल संपले."

"अस्सं? मग पुढच्या फेरीला सांग हो, नक्की येते."

मेजरसाहेबांचंही तेच. सगळ्यांचंच तेच! ग्वाल्हेरात मराठी नाटकाला येणारी माणसं जेमतेम सत्तर, आणि ती सत्तरच्या सत्तर मी आधीच वापरून टाकली होती. वर जलेबी खाऊ घालून!

विंगेत काका उभे होते.

"किती आलेत?"

"नऊ, काका. चूक माझी आहे."

काकांनी पडद्याच्या फटीतून पाहिलं. मला वाटलं, आता हे खाली बसतात. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती. पण काका वळले, तर चक्क हसत होते!

"म्हणजे सूचना देणाऱ्यांपैकी कोणीच आलेलं नाही?"

"नाही."

"मग पोरांनो, पहिला शेवट करा. माझा."

श्रद्धा ओरडली, "मतलब शादी कॅन्सल? थँक गॉड!"

त्या दिवशी श्रद्धा दारात अशी काही उभी राहिली, की पडदा पडला तरी कोणी उठेना. मांडववाल्यांना मराठी येत नाही. त्यातला एक डोळे पुसत म्हणाला, "बाबूजी, वो लड़का लौटा क्यों नहीं?" काकांनी त्याला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझा फोन वाजतोय. "आम्हाला न दाखवता शेवट बदलला? ये क्या बात हुई?" अख्खं मंडळ रुसलेलं! शेवटी महिन्याभरानं पुन्हा प्रयोग लावावा लागला. या वेळी काकांनी सगळं आपल्या पद्धतीनं केलं, आणि तालमीच्या खोलीला आतून कडी. हॉल गच्च भरला. गोडबोले आजी पदर तोंडाला लावून रडल्या आणि घरी जाताना काकांचा हात सोडेनात.

मला काय काम होतं? दारावर तिकिटं फाडायचं. तेही मी मन लावून केलं. प्रयोग संपल्यावर राहवेना, म्हणून काकांना म्हणालो, "काका, उत्तम झालं! फक्त एक छोटीशी सूचना..."

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अवश्य सांग रे. पण घरी जाऊन, बायकोला."