एका पायाचा नवस

दर गुरुवारी मी थोरल्या बहिणीकडं जाते. सुलतान बाजाराच्या मागं राहती ती. तिचे गुडघे गेलेत, जिना उतरवत नाही, म्हणून मीच जायचं. गेल्या उन्हाळ्यात कोठीच्या थांब्यावर बसमधून उतरताना झिजकी स्लिपर सटकली आन् मी भर रस्त्यात बसले. हाड काही मोडलं नाही. पण पोरगा म्हणला, "आई, आता एकटीनं जायचं बंद."

पायाच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. ती म्हणली, "आजी, एका पायावर दहा मोजेपर्यंत उभ्या राहा."

तीनलाच भिंत धरली म्या.

"महिनाभर सराव करा. दहा झाले की खुशाल एकटं जा. आन् ही स्लिपर फेका, मागून धरणारा बूट घ्या."

लाज वाटली मला. या शहरात आले तवा डोक्यावर विटा घेऊन फळीवरून चढायची, अनवाणी. पोरगा पोटात होता तवाबी. चार मजले चढले, पाय हलला नाही कधी. आन् आता गुळगुळीत फरशीवर बगळ्यावाणी उभं राहता येईना!

मग रोज सकाळी गॅलरीत, तुळशीच्या कुंडीपाशी, कठड्याजवळ उभी राहायची. मोजायचं आमच्या खळ्यावर धान मापायचे तसं. पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन...

समोरच्या तेलुगू बाईनं बघितलं. मी तुळशीपुढं, तोल सावरायला हात छातीशी जोडून, एका पायावर. "अम्मा, क्या मन्नत मांगे?"

"मन्नत नक्को, पाँव पक्के करतूं."

ती नुसती हसली. नवस काय कुणी सांगतं का! दुसऱ्या दिवशी माझ्या पायापाशी नारळ. तिच्या पोरीचं लग्न जमत नव्हतं. तिसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या, हळद-कुंकू घेऊन.

एक दिवस मी आठवर पोचले होते. त्या बाईला काय सुचलं, वाकून तिनं माझा टेकलेला पायच दोन्ही हातांनी धरला. मी तिच्यावर, ती नारळावर, आन् कुंडी दोघींवर.

सून पळत आली. "आत्या, लागलं का?"

"मला नाही. खालच्या बाईला इचार."

खालून ती बाई म्हणती, "अम्मा, गिरे तो मन्नत टूटी क्या?"

"नै टूटी. तू पैले पाँव छोड!"

महिना झाला, परत दवाखान्यात गेलो. ती बाईबी संगं आली. म्या पोराला सांगितलं, "हिचे हात धरून ठेव." नवे बूट दारात काढले, पाय उचलला. लाभ, दोन, तीन... नऊला घोटा थरथरला. दातावर दात धरले. दहा! पण पाय खाली टेकवला नाही म्या.

"आजी, झालं की!" डॉक्टरीण म्हणली.

"थांबा बाई. आता पाच हिच्या पोरीचे."

पंधरा झाले तवा पाय ठेवला. बाईचे डोळे भरून आले. पोरगा कपाळाला हात लावून बसला, पण "जा एकटी" म्हणला.

गुरुवारी बहिणीच्या दारात बूट काढायला लागले.

"अगं बया! पोलिसात लागलीस का काय?"

"गप. ऊठ, एका पायावर उभी राहा."

माझा खांदा धरून उठली. पाय उचलला, "लाभ" म्हणली, आन् धपकन बाजेवर बसली.

"दोन पुढच्या गुरुवारी," म्हणली. "ये लवकर."