न उचललेला बेलभंडार

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला पहिला मीच. हे मी आजही छाती पुढे काढून सांगतो. सांगलीच्या कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं होतं. परीक्षा देऊन रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी आलो तेव्हा महायुद्ध चालू होतं, आणि घरात विहिरीचा तंटा पेटला होता.

आजोबांनी मरण्याआधी वाटण्या केल्या त्या तोंडी. बांधावरची विहीर आपल्याला दिली, असं माझ्या वडिलांचं, आबांचं म्हणणं. धाकटे चुलते म्हणत, मला दिली. निकाल लागेपर्यंत पंचांनी दोघांच्याही मोटा बंद ठेवल्या. दोन्हीकडचा ऊस वाळायला लागला. शेवटी ठरलं, आबांनी खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलून सांगायचं. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन खोटं बोलणाऱ्याचा वंश बुडतो, असं आमच्याकडे मानतात.

"उचला की आबा," मी म्हणालो. "पान ते पान. ते काय करणार हाय?"

"मग उचलून तरी काय उपेग रं?" आबा म्हणाले.

देवळात सगळं गाव जमलं. चुलते खांबाला टेकून टोचत होते, "उचल की दादा! का आधी पोराच्या कॉलेजात इचारून येतोस?" माणसं हसली. गुरवानं थाळी पुढं केली. आबांचा हात पानापर्यंत गेला आणि तिथंच राहिला.

"बा बोलला ते माज्या कानात हाय," ते म्हणाले. "पर आवाज बाचा न्हाई. आईचा हाय. तिनं मागनं सांगितलेलं मी बाचं म्हणून धरून बसलोय का काय, मला कळंना. न्हाई उचलत."

मला वाटलं, विहीर गेली!

"मग धाकट्यानं उचलावा," पंच म्हणाले. चुलते ताठ मानेनं आले, थाळीवर वाकले, आणि वाकूनच राहिले. 

"वाटणी झाली तवा मी परगावी हुतो," ते हळू म्हणाले. "मला मागनं बायकूनं सांगितलं."

गुरव वैतागला. "आवं, मग ह्या भंडाऱ्याचं मी काय करू?"

"लाव आमच्या कपाळाला," आबा म्हणाले.

तो देव मी तेव्हा मानत नव्हतो, आजही मानत नाही. पण माझ्या अंगावर काटा उभा राहिला होता. त्यांना खोटं ठरवील असं माणूस जिवंत नव्हतं. घरातून निघताना दोघांचीही पक्की खात्री होती. आपल्याला हे नक्की कुठून ठाऊक, असं मी माझ्या एकाही मताला तोवर विचारलं नव्हतं. एका हिरव्या पानासमोर त्या दोघांना ते विचारावं लागलं.

पायऱ्या उतरताना चुलते म्हणाले, "दादा, तुजा ऊस लय वाळलाय गड्या. मोट आधी तू जोड."

"आरं, पर हीर कुणाची?" पंच मागून ओरडत होते.

दोघांपैकी कुणी वळून पाहिलं नाही.