चोपचिनीचे काप

आईची बोटं सुजून आखडली तेव्हा ती चाळिशीचीही नव्हती. भाकरी थापता येईना, तर मनगटानं पीठ दाबायची आणि वेडीवाकडी भाकरी तव्यावर टाकताना स्वतःच हसायची.

वैद्यांनी चोपचिनी दिली. चीन देशातल्या एका वेलाची ही गाठाळ मुळी मुंबईहून सोलापूरच्या पेठेत यायची. तिकडचे लोकही सांधेदुखीवर ती उकळून पितात, असं वैद्य सांगत. पथ्य कडक. मीठ नाही, आंबट नाही, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं चवही घ्यायची नाही. आई निमूटपणे अळणी पिठलं गिळायची. गुण मुळीचा की पथ्याचा, देव जाणे, पण दिवाळीपर्यंत तिची मूठ वळायला लागली.

आता आमच्याकडं चोपचिनी गर्मीवर, म्हणजे बाहेरच्या संगतीनं होणाऱ्या गुप्तरोगावरही देत, आणि लोकांच्या डोक्यात नेमकं तेवढंच बसलेलं. घरात चोपचिनी आली म्हणजे नवरा बाहेरख्याली, एवढं त्यांचं शहाणपण!

माझं लग्न वैरागला ठरत होतं. होणारी सासू घर बघायला आली आणि थेट माळवदावर चढली. तिथं मुळीचे काप वाळत घातलेले.

"ही चोपचिनी कुणाला वो?" तिनं विचारलं. नजर मात्र खाली अंगणात बसलेल्या माझ्या वडिलांवर.

"शेजारणीची हाय. आमच्याकडं ऊन चांगलं, म्हणून ठिवलीय," आई म्हणाली.

त्याच दिवसापासून तिनं औषध सोडलं. वडील चिडले, "लोकं गेली खड्ड्यात, तू घे की!"

"पोरीचं लगीन हू दे. मग घीन."

मला नको ते स्थळ, म्हणून मी रडले, भांडले. "गप. बापाचं नाव घालवतीस का?" आई म्हणाली.

लग्न उन्हाळ्यात झालं. पाठवणीच्या वेळी आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवले आणि दृष्ट काढायला बोटं स्वतःच्या कानशिलांवर टेकवली. ती कडाकडा मोडायची असतात. आईची वळलीच नाहीत. डोळे घट्ट मिटून ती नुसतीच दाबत राहिली. शेवटी सासूबाई पुढं झाल्या, माझ्यावरून हात ओवाळून त्यांनी आपली बोटं मोडली. मग आईचे हात बघून म्हणाल्या, "इतकं दुखतंय तर येळंवर औषिद का न्हाय केलं वो, विहीणबाई?"

आई हसली. मी हंबरडा फोडला. सासरी निघालेल्या पोरीचं रडं, असंच सगळ्यांना वाटलं.