लॉर्डसाहेबांनी सांगितलेलं पत्र

केबिनमध्ये कुणीही शिरलं की ते उठून उभे राहायचे. डायरेक्टर आले तरी उभे, आणि चहाचा ट्रे घेऊन आमचे हमीदभाई आले तरी उभेच. सहा फूट दोन इंचांचा माणूस, वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरायचे, तरी उठणार. वर विचारणार, "मी तुम्हाला त्रास तर देत नाहीये ना?" अहो, त्रास कसला? केबिन तुमची, खुर्ची तुमची, बसा की!

मी वसईची. इथे आखातात, लुसैल शहरातल्या एका कंपनीत ऑफिसची सगळी किरकोळ कामं माझ्याकडे, म्हणजे सगळीच कामं माझ्याकडे. हे सल्लागार म्हणून रुजू झाले तेव्हा कुजबुज झाली, माणूस खराखुरा विलायती लॉर्ड आहे म्हणून. हमीदभाई रत्नागिरीचे. त्यांनी मला पॅन्ट्रीत गाठलं. "बाय, हा राजाचा कोण लागतो गो?"

"कुणी नाही लागत. मोठा भाऊ वारला, त्याला मूलबाळ नव्हतं, म्हणून लॉर्डपद ह्यांच्याकडे आलं."

हमीदभाईंचा पार विरस झाला. गावाकडचं मोठं घर कधीच विकलं गेलं होतं, बायको वारली होती. लॉर्डसाहेब खाडीकाठच्या अल खोर गावात एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, कारण तिथे पक्षी बघायला मिळतात. स्वतःचे शर्ट स्वतः इस्त्री करायचे. वाईट करायचे, हेही सांगून टाकते.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल बघा, ज्याच्याबद्दल सगळे बोलतात आणि कुणाला धड काही ठाऊक नसतं. इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, आठवडा रविवारी सुरू होतो. दर रविवारी सकाळी ते माझ्या टेबलावर एक बंद पाकीट ठेवायचे. "माझ्या मुलीसाठी. त्रास तर नाही ना?" मी ते कुरिअरला द्यायचे. दोन वर्षांत उलट टपाली काही आलेलं मी पाहिलं नाही. विचारलंही नाही. साहेबांच्या घरात डोकावायचं नसतं, एवढं मी इथे येऊन शिकलेय.

मग एका डिसेंबरात ते बाथरूममध्ये घसरले आणि उजव्या हाताला प्लास्टर आलं. त्या रविवारी पाकीट नाही. अकराच्या सुमारास ते माझ्या टेबलापाशी आले, कान लाल झालेले. "मी सांगतो, तुम्ही टाइप कराल? पत्र खाजगी आहे. पण आत खाजगी असं काही नाही."

ते खरंच होतं. वारा उत्तरेचा. अल खोरच्या खाडीत फ्लेमिंगो उतरलेत, मोजले तर साठ भरले. इथे टोमॅटो बरे मिळतात. खाली, 'तुझा, बाबा.'

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"आणि ती काय उत्तर देते?"

"देत नाही. सहा वर्षं झाली."

मग हळूहळू, अडखळत सांगितलं. तिकडच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात ते काही वर्षं बसत. लॉर्डपद मुलाकडेच जातं. मुलगी असेल तर कुणीतरी लांबचा पुरुष शोधून काढतात. ही प्रथा बदला, असा ठराव आला, तेव्हा हे उभे राहिले आणि प्रथेच्या बाजूने बारा मिनिटं बोलले. वर गॅलरीत त्यांची एकुलती एक मुलगी बसली होती. खास रजा काढून आली होती.

"तिला ते पद नकोच होतं," ते म्हणाले. "ती शाळेत शिकवते, मजेत आहे. मी काय म्हणतो, एवढंच तिला ऐकायचं होतं."

माझं डोकंच फिरलं. "आणि सहा वर्षं तुम्ही तिला वारा कळवताय?" आवाज चढला माझा, पलीकडच्या टेबलांवरची माणसं बघायला लागली. "सर, आमच्या वसईत बापाने असं केलं असतं ना, तर पोरीने दारात उभं राहून अख्ख्या आळीला ऐकवलं असतं. बाप दोन दिवस तोंड लपवून फिरला असता आणि तिसऱ्या दिवशी तिच्या आवडीची मासळी घेऊन आला असता. खलास! 'चुकलो' असं एकदा तरी लिहिलंत का?"

"ते तिला कळत असणारच. मी दर आठवड्याला लिहितो, म्हणजे..."

"नाही कळत! मलाही नसतं कळलं."

त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. हात धड असता तर पत्र घेऊन केबिनमध्ये पळाले असते. पण आता लिहायचं म्हणजे मोठ्याने बोलावं लागणार होतं, तेही माझ्यासमोर.

"लिहा," ते म्हणाले. "मी चुकलो. तू वर बसली आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणूनच भाषण संपेपर्यंत मी वर पाहिलं नाही."  मी टाइप करत राहिले, पण मला स्क्रीन दिसेना. मग म्हणाले, "फ्लेमिंगो राहू देत. तिला आवडतात." ठेवले फ्लेमिंगो. टोमॅटो मात्र मी काढून टाकले.

तीन आठवडे काही नाही. रोज दुपारी कुरिअरवाला येऊन गेला की ते बाहेर यायचे, काहीतरी निमित्त सांगायचे आणि परत जायचे. मी मनात म्हणायचे, नको तिथे नाक खुपसलं आपण, उरलासुरला धागाही तुटला असेल तर?

चौथ्या आठवड्यात रिसेप्शनवर एक उंच बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, हातात प्रवासाची बॅग. "माझे वडील इथे काम करतात," म्हणाली. लॉर्ड नाही, काही नाही. मी मीटिंगच्या खोलीचं दार न वाजवताच उघडलं. आत बडी मंडळी बसली होती.

"सर, मुलगी आलीय."

लॉर्डसाहेब वाक्य अर्धं टाकून बाहेर आले.

आता ते इथे नसतात. पुढच्या जूनमध्ये करार संपला, तो त्यांनी वाढवला नाही. मुलीच्या गावात, तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतात. मला आठवतात ते मात्र मुलगी आली त्या दुपारचे. मी आणि हमीदभाई काचेला नाक लावून उभे. खाली ट्रामच्या थांब्यावर बाप आणि लेक. ती हात नाचवून बोलतेय, थांबायचं नाव नाही. सहा वर्षांचं साठलेलं. हे मान डोलवत ऐकताहेत, तिची बॅग छातीशी धरून.

"ऐकवू दे," हमीदभाई पुटपुटले. "ऐकवू दे त्याला."

ट्राम आली. दारं उघडली, मिटली. ट्राम गेली, आणि ती दोघं तिथेच उभी होती.